आधी पाय जमिनीला

रात्रीचे अडीच. व्झेश्चमधल्या चौथ्या मजल्यावर
मी एका जुन्या लॅपटॉपला झोपवते आणि उठवते,
झोपवते आणि उठवते.
दोनशे सत्त्याऐंशी वेळा तो शहाण्यासारखा उठला.
पुढच्या खेपेला
पडदा उजळला, पंखा घरघरला, कर्सरही लुकलुकला,
फक्त डिस्कचा कुठे पत्ता नव्हता.

डोब्रोस्लाव म्हणतो, वीज कमी पडत असेल.
तो प्रत्येक दुखण्याला हेच म्हणतो.

झोपवणं सोपं नसतं, हे कुणाला सांगून पटत नाही.
झाकण मिटलं की लोकांना वाटतं, झालं.
पण आधी नव्या मागण्या दारातच थोपवायच्या,
हातात घेतलेलं काम हातावेगळं करायचं,
मग कॅशमध्ये अधांतरी असेल ते सगळं
खाली उतरवून घ्यायचं,
आणि डिस्क ‘लिहिलं’ म्हणेपर्यंत थांबायचं.
नुसतं ‘हो, हो’ नव्हे. लिहिलं.
मग तिची डोकी उचलून कडेच्या उतारावर ठेवायची.
एक बारीक टक्क ऐकू येतं.
त्यानंतर वीज.
यातलं काही पुढेमागे झालं
तर सकाळी कुणाचा तरी प्रबंध
अर्ध्या वाक्यावर उभा.

बाबा असेच झोपायचे.
झेनॉन, गोदीतले क्रेनवाले, कायमची रात्रपाळी.
सकाळी यायचे आणि खिडकीच्या कठड्यावर
खिसे रिकामे करायचे:
खडू, ट्रामचं तिकीट, दोन नट,
सिगारेटच्या पाकिटावर टिपलेला कुठल्याशा पत्र्याचा आकडा.
तो वहीत उतरवल्याशिवाय बूट निघत नसत.
आई म्हणायची, झोपून उठल्यावर लिहा की.
‘उठल्यावर कुणाला आठवतंय, लेओकादिया?’

उठवायचं काम माझं. दुपारी तीनला.
पहिल्याच दिवशी मी दारातून विचारलं,
बाबा, सहलीचे पैसे द्याल का?
डोळे उघडे होते. मानही हलली.
पण आत कुणी अजून पोचलं नव्हतं.
दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं,
आणि फणकाऱ्याने स्वयंपाकघरात जाऊन जाहीर केलं,
बाबा नाही म्हणाले.
आईने पळी खाली ठेवली.
‘नाही म्हणाले नाहीत. त्यांना ऐकूच गेलं नाही.
आधी पाय जमिनीला लागू देत त्यांचे,
मग तोंड उघड.’

पावणेचार. नोंदी उलगडून बसले आहे,
मायक्रोसेकंदांचे आकडे एकाखाली एक.
कंट्रोलर अजून डोळे चोळतोय
आणि ड्रायव्हरने डिस्कला विचारलंसुद्धा: आहेस का?
आहेस का?
आहेस का?
तीन हाका, आणि वर कळवून मोकळा:
डिस्क नाही.

होती. अंधारात फिरू लागली होती,
मिनिटाला पाच हजार चारशे फेऱ्यांचा चढ
धापा टाकत चढत होती बिचारी.
तिला अजून दीड सेकंद हवा होता.

आठ वर्षांपूर्वीचा कोड. वर नाव माझंच.

दुरुस्ती ती केवढी, अकरा ओळी.
यंत्रांच्या घराण्यात मूल बापाच्या आधी उठत नाही,
झोपताना मात्र पहिलं मूल.
(आमच्याकडे उलटं होतं.)
शेरा लिहायला घेतला तर आईचंच वाक्य आलं.
ते खोडलं. लिहिलं,
‘तयार होईपर्यंत वाट पाहा.’

बाबा आता ऑलिव्यात एकटे असतात. ऐंशी पुरी झाली.
रविवारी फोन लावला की सात-आठ वेळा वाजतो,
मग उचलल्याचा आवाज, मग काहीच नाही,
नुसता श्वास, खुर्चीची करकर.
परवा मी तिथेच म्हणाले होते,
बाबा, ऐकताय ना? बाबा? बाबा?
आणि ठेवून दिला होता.

डेपोतून पहिली ट्राम निघाली. खिडकीची काच थरथरते.
मोजणी पुन्हा शून्यापासून लावली आहे.
त्रेचाळीस.
झाकण मिटतं. टक्क.
चव्वेचाळीस.